डॉक्टर व्हायला एक वर्ष बाकी

जालन्याहून निघालेली काळीपिवळी (भाड्याची जीप) उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडली होती, आणि मला धीर निघत नव्हता. माझा वसतिगृहातला जुना दोस्त मिलिंद घनसावंगीला शिक्षक आहे. त्याची मुलगी सुजाता किरगिझस्तानात डॉक्टरकी शिकून परतली, पण परदेशात शिकलेल्यांना इथे एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेने तिला दोनदा मागे लोटले. तिसऱ्या खेपेस ती पास झाली आणि फोनवर मिलिंदला धड बोलताही येईना. पुण्यात बसून नुसते अभिनंदन पाठवणे मग मलाच बरे वाटेना.

गाव लागण्याआधी फ्लेक्स लागला. त्यावर मधोमध हात जोडलेले अण्णा होते. हे गावचे पुढारी आणि संध्याकाळी होणाऱ्या सुजाताच्या सत्काराचे आयोजक. खालच्या कोपऱ्यात, त्यांच्या कोपराएवढी, सुजाता. नवख्या माणसाला वाटावे, परीक्षा अण्णाच पास झाले.

मिलिंदच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांची झणझणीत आमटी) तयारच होते. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

"काका, तिकडं बर्फात कॉलेजला जाताना मी येसरचाच विचार करायचे," सुजाता म्हणाली.

"शरीरशास्त्राचा कोण करायचं मंग?" मिलिंदने विचारले. दोन नापासांनंतर या घरात असा विनोद पुन्हा चालू लागला होता, हे पाहून मला फार आनंद झाला.

संध्याकाळी बाजारतळावरचा मांडव माणसांनी भरून गेला. ताशा वाजला. शाल, नारळ, हार आणि अण्णांचे भाषण, ज्यात सुजाताचा उल्लेख अधूनमधून येत होता. मला हसू येत होते, तरी टाळ्या मीच सर्वांत जोरात वाजवत होतो. एवढ्यात अण्णा गरजले, "आन् आता डॉक्टर सुजाताताई आपल्या सगळ्यांची मोफत तपासणी करणार!"

मागचा पडदा सरकला. टेबल, खुर्ची, रक्तदाब मोजायचे यंत्र. आणि पाहता पाहता रांग लागली.

सुजाताचा चेहरा उतरला. ती वडिलांजवळ येऊन पुटपुटली, "पप्पा, मला न्हाई करता येणार. अजून एक वर्ष दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचंय. मंग पक्की नोंदणी. त्याआधी मी एकटीनं कुणाला तपासलं आन् फोटो काढून कुणी तक्रार केली, तर सगळं गेलं."

मिलिंदने रांगेकडे पाहिले. तिच्यात त्याचे शेजारी होते, विद्यार्थ्यांचे आईबाप होते. इतक्या लोकांना परत पाठवायचे, तेही आपल्याच मुलीच्या सत्काराला.

"नुस्तं बीपी बघायला काय जातं, सर?" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "माझी इज्जत हाय."

मिलिंदने त्यांच्या हातातून माइक घेतला. वर्गात बोलावे तसा तो बोलू लागला. "मंडळी, परीक्षा झाली, पण लायसन अजून मिळायचंय. मला सांगा, बिनलायसनचा डायव्हर असला तर तुम्ही त्याच्या गाडीत बसाल का?"

"रोजच बसतो की, सर!" मागून कुणीतरी ओरडले. मांडव हसून लोटपोट झाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मिलिंदचे उदाहरण असे कुणी उधळले नव्हते.

माइक आता सुजाताने घेतला. "गाडीत बसता, ते ठीक. पण तीच गाडी तुमच्या पोटावरून न्यायची का?"

हशा थांबला. रांगेत पहिल्या असलेल्या म्हातारीने पदर सावरला. "न्हाई गं माय! आधी नीट शीक. मंग कव्हा (केव्हा) येऊ?"

"पुढल्या वर्षी या, आजी. पहिला नंबर तुमचा."

"बघ बरं. मी काय तोवर जात न्हाई कुठं."

रांग मोडली, ताशा पुन्हा सुरू झाला. अण्णांनी लगोलग जाहीर केले की शिबिर पुढच्या वर्षी अधिक भव्य होईल आणि ही दूरदृष्टी मुळात त्यांचीच. शेवटी त्यांनी सुजाताच्या हातून मला एक नारळही देवविला. का, ते मला अजून कळलेले नाही.

सकाळी मिलिंद मला स्टँडवर सोडायला आला. आम्ही चहा घेतला. चहावाला पैसे घेईना. "डॉक्टरच्या बापाकडून पैसे घेऊ व्हय?"

"आज घे," मिलिंदने नोट त्याच्या हातात कोंबली. "पुढल्या वर्षी घेऊ नको."

बस सुटली. पदवी मिळण्याआधीच पाट्या रंगवणारे लोक मी आयुष्यभर पाहत आलो आहे आणि त्यांच्यावर बरेच हसलोही आहे. या खेपेला हसलो, ते निव्वळ आनंदाने. खिडकीतून पाहिले, तर मिलिंद मान ताठ करून सुट्या पैशांची वाट पाहत उभा होता.