‘खेकडा पळाला’ सापडत नाही

लग्नाआधी मी व्हिडिओ गेम लिहायचे, असं चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा. गेम विकत घेतात, भाड्याने आणतात. ते कुणीतरी बसून लिहितं ही कल्पनाच लोकांना नव्हती. पण नव्वदच्या दशकात अंधेरीच्या एका गाळ्यात आम्ही चारपाचजण तेच करत होतो. टीव्हीला जोडायचा तो खेळ, त्यात वरून खोचायची प्लास्टिकची कॅसेट, आणि त्या कॅसेटच्या आतलं सगळं आमचं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर वसईजवळच्या पापडी गावची एक मुलगी बसायची. माझ्याहून जराशी मोठी, बोलायला फटकळ, कामाला वाघ. ती प्रोग्राम लिहायची. मी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून चित्रं काढायचे, आणि वेळ मिळाला की तिच्या प्रोग्राममध्ये हात घालायचे. आम्ही दोघींनी मिळून एकच अख्खा गेम केला. भाताच्या खाचरातला खेकडा वरून पडणाऱ्या टोपल्या चुकवत बिळापर्यंत जातो, एवढाच. आम्हाला तो फार आवडायचा. गाळा ज्यांचा होता त्या सरांनी बघितला आणि म्हणाले, “खेकडा कोण घेणार? रोबो करा.” मग मी त्याचे पाय आणि नांग्या खोडून दोन चाकं लावली. एका कॅसेटमधल्या ढीगभर खेळांत तो रोबो बाजारात गेला. पुढे गाळा बंद पडला, कॉम्प्युटर विकले गेले. मी एका कंपनीत पगारपत्रकाचे प्रोग्राम लिहू लागले, ती वसईतच एका कॉलेजात शिकवायला लागली. फोनवर बोलणं व्हायचं, भेट क्वचित.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पावसाळा संपता संपता तिचा फोन आला.

“घराची कौलं उतरवतोय. माळ्यावर बिस्किटांचा डबा निघाला. आत फ्लॉप्या आहेत, आणि तुझ्या अक्षरात ‘खेकडा’ लिहिलंय.”

“रोबो नाही?”

“खेकडा!”

त्या रविवारी मी स्कूटी काढली आणि पापडीला गेले. ती, तिचे आईवडील, तिघंही नुकतीच चर्चमधून, मिस्सेहून आली होती. आंटींनी चहा ठेवला, अंकल ओट्यावर खुर्ची टाकून बसले. घरात ते तिघं त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी साधं मराठी.

फ्लॉप्या जुन्या, मोठ्या, वाकणाऱ्या होत्या. वसईच्या दमट हवेत त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती, लोणच्यावर धरते तशी. तिने ब्लेडने एकेक वेष्टन कापलं, आतली तबकडी बाहेर काढली, आणि आम्ही दोघींनी स्पिरिट आणि कापसाने ती हळूहळू पुसली. सावलीत वाळवली. मग दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीच्या वेष्टनात सारून कॉम्प्युटरला दिली. तसल्या फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह तिने कॉलेजच्या भंगारातून परवानगी घेऊन आणला होता. तो असा खरखरायचा की अंकलनी ओट्यावरून विचारलं, “आत जातं लावलंय काय?”

बऱ्याच फाइली उतरल्या. काही अर्ध्यावर अडकल्या. काहींचं नुसतं नाव आलं, आत काहीच नाही. तरी संध्याकाळी माझ्या मांडीवर आमच्या प्रोग्रामची छापील पानं होती. त्यात एका ठिकाणी तिने स्वतःसाठी टीप लिहिली होती, ‘वडापाव खाऊन येते, मग बघते’. त्याच्याखाली पान कोरं.

“आली नाहीस वाटतं,” मी म्हटलं.

“सरांनी बोलावलं असेल,” ती म्हणाली आणि पेन घेऊन तिथेच पुढचं लिहायला बसली.

आता हे सगळं कंपाइल करायचं, म्हणजे आम्ही लिहिलेल्या अक्षरांचं त्या खेळाच्या यंत्राला समजेल अशा आकड्यांत रूपांतर करायचं. पूर्वी हे काम करणारा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिलेला होता. तो गाळ्याबरोबर गेला. तसाच दुसरा, हौशी लोकांनी केलेला, इंटरनेटवर फुकट मिळत होता. तो उतरवून घेताना घरचा फोन अडकून राहिला. आंटी दोनदा डोकावून गेल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, “तुमच्या खेकड्यापायी माझ्या बहिणीचा फोन लागत नाही.”

पहिल्यांदा चालवला तेव्हा चुकांची यादी पडद्यावरून अशी धावत गेली की वाचताच येईना. त्यातल्या बऱ्याच नुसत्या लिहिण्याच्या पद्धतीतल्या होत्या. सरांच्या प्रोग्रामला एक खूण लागायची, याला दुसरी. त्या आम्ही बदलल्या. मग उरल्या त्या खऱ्या चुका, जिथे मजकूरच बुरशीने खाल्ला होता. आम्ही तेव्हा प्रत्येक भागाला मराठी नाव द्यायचो, इंग्रजी अक्षरांत लिहून. ‘टोपली पडली’, ‘बीळ गाठलं’, ‘खेकडा पळाला’. तर कॉम्प्युटर एकेक नाव सांगायचा आणि पुढे लिहायचा की हे कुठे सापडत नाही.

तिने मोठ्याने वाचलं, “खेकडा पळाला, सापडत नाही.”

आंटी दारात बसून बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पळाला तर कसा सापडेल?”

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. अंकल काय झालं म्हणून आत आले आणि समजावून सांगितल्यावर फक्त “हं” म्हणून परत गेले. त्यानंतर त्या घरात चष्मा, किल्ली, काहीही हरवलं तरी ‘खेकडा पळाला’च म्हणायचे.

मी दर रविवारी जाऊ लागले. नवरा म्हणायचा, “सुट्टीच्या दिवशी पण कामच?” पण दुपारचं जेवण तोच करायचा आणि मला जा म्हणायचा. आठवडाभर लोकांचे पगार नि रजा मोजल्यावर हे काम म्हणजे मला माहेरपण वाटायचं. हरवलेला भाग पुन्हा लिहिताना आम्ही उरलेल्या प्रोग्राममधून त्याला हाक कुठून मारली जाते ते शोधायचो. जाताना त्याच्या हातात काय दिलंय, परत आल्यावर त्याच्याकडे काय मागितलंय, हे बघायचं. त्यावरून तो मधे काय करत असेल ते ओळखायचं. कधी मला आठवायचं, कधी तिला. कधी दोघींनाही नाही, आणि मग भांडण.

“तेव्हा आपण असं लिहिलं नव्हतं,” मी म्हणायचे.

“तेव्हा मला नीट येत नव्हतं. आता येतं. मुद्दाम वाईट लिहू का?”

“लिही ना थोडं वाईट.”

ती ऐकायची नाही. मीही फार ताणायचे नाही, कारण तिचं लिहिलेलं खरोखरच सुरेख असायचं.

एका रविवारी चुकांची यादी आलीच नाही. पडदा नुसता एक ओळ दाखवून थांबला. तिने कॉम्प्युटरवरच त्या खेळाच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम उघडला, आमची फाइल दिली, आणि खाचर आलं. हिरवं, बांध तपकिरी, मी भरलेले सगळे चौकोन. खेकडा मात्र उताणा, पाय वर करून चालत होता. चित्रांच्या फाइलीत काहीतरी उलटंपालटं झालं होतं. ते सरळ करायला फार वेळ लागला नाही, पण त्या उताण्या खेकड्याकडे बघताना मला जो आनंद झाला तो सरळ झालेल्या खेकड्याने दिला नाही.

राहिलं संगीत. त्याची फाइल पूर्ण गेली होती. मूळ सूर अंकलचा. ते तरुणपणापासून लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आणि नवीन शिकणाऱ्यांना पहिल्यांदा एक छोटी चाल शिकवायचे. तीच तिने आकड्यांत लिहून खेकड्याला दिली होती. आता तिने त्यांना ती पुन्हा वाजवायला सांगितली. अंकलनी क्लॅरिनेट पेटीतून काढलं, पुसलं, ओठाला लावलं. कवळी आडवी आली. फुर्र आवाज झाला आणि बाहेरची कोंबडी पळाली.

“राहू दे, म्हणून दाखवतो,” ते म्हणाले, आणि ‘ता रा री’ करत म्हणू लागले. ती लहानशा कीबोर्डवर सूर शोधत होती, मी आकडे लिहीत होते. दोन ओळी छान झाल्या. तिसऱ्या ओळीला अंकल खाली उतरले, आणि स्वयंपाकघरातून आंटींचा आवाज आला.

“खाली नाही. वर जायचं.”

“मी वाजवलंय आयुष्यभर.”

“आणि मी ऐकलंय. वर जायचं.”

“तू ऐकलंस ते पोरांनी चुकवलेलं!”

“पोरं बरोबर वाजवायची, तुम्ही चुकवायचात. म्हणून तर लक्षात राहिलं.”

अंकल रागावले नाहीत, पण हटलेही नाहीत. दोघांनी आपापली ओळ म्हणून दाखवली, मग एकाच वेळी म्हणून दाखवली. शेवटी मैत्रिणीने मला हळूच सांगितलं, “दोन्ही घालू.” पहिल्या खाचरात, म्हणजे खेळाच्या पहिल्या टप्प्यात, सूर खाली जातो, दुसऱ्यात वर. अंकलनी ऐकलं आणि म्हणाले, “पहिलं बरोबर आहे.” आंटी म्हणाल्या, “दुसरं.” दोघंही खूश.

कॉम्प्युटरवर चाललं तरी तिचं समाधान होईना. खऱ्या यंत्रावर, खऱ्या कॅसेटमधून चालायला हवं. कॉलेजात चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र होतं. जुन्या दोन चिप मिळाल्या, पण त्यातलं आधीचं पुसायला लागणारा दिवा बिघडलेला. या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते, तिच्यातून कडक ऊन गेलं तरी आतलं हळूहळू पुसलं जातं. म्हणून आंटींनी अंगणात वाळत घातलेल्या सोड्यांच्या, म्हणजे सोललेल्या कोळंबीच्या, कडेला, बशीत खिडकी वर करून, त्या चिप ठेवल्या. आठवडाभर आंटीच त्या सकाळी उन्हात ठेवायच्या आणि संध्याकाळी घरात घ्यायच्या. कॉलेजात नेल्या तेव्हा कोऱ्या निघाल्या, पण सोड्यांचा वास काही गेला नाही. तिने त्यांत खेळ भरला आणि एक जुनी कॅसेट उघडून त्या आत डाख देऊन बसवल्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन गेले. नवी कौलं चढली होती, घरात पाहुणे होते, टीव्हीसमोर जागा केली होती. खेळाचं यंत्र तिच्या चुलतभावाच्या घरून आणलेलं. कॅसेट खोचली, काही झालं नाही. काढली, फुंकली, परत खोचली. खाचर आलं. अंकलचा सूर सुरू झाला आणि पाहुण्यांच्या गोंगाटात कुणालाच ऐकू येईना, तेव्हा अंकलनी उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

सगळ्यांत आधी खेळायला आंटीच बसल्या. चष्मा लावून, दोन्ही हातांनी ते बटणांचं खोकं मांडीवर धरून. बराच वेळ टोपलीत सापडत राहिल्या. प्रत्येक वेळी खेकड्यालाच रागवायच्या. मग हळूहळू हात बसला. पहिलं खाचर पार झालं, दुसरं झालं, आणि मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या खाचराचा नकाशा बुरशीतून वाचलाच नव्हता. चूक येऊ नये म्हणून आम्ही तिथे नुसता चिखल भरला होता, टोपल्याच नव्हत्या.

आंटींचा खेकडा त्या मोकळ्या चिखलात शिरला. आंटी थोडं थांबल्या, वर बघितलं. काही पडत नव्हतं. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे त्याला सावकाश फिरवू लागल्या.

“बाय, इथे काय करायचं असतं?” त्यांनी मला विचारलं.

“काही नाही, आंटी. हे राहिलंय अजून करायचं.”

“असंच ठेवा,” त्या म्हणाल्या आणि आणखी एक फेरी मारून आणली.

पुढे उन्हाळ्यात आम्ही तिसरं खाचर टोपल्यांसकट पूर्ण केलं. मैत्रिणीच्या विद्यार्थ्यांना ते सगळ्यांत आवडलं. आंटींना नाही. त्यांच्यासाठी आधीची कॅसेट वेगळी ठेवली, आणि मी रविवारी गेले की बहुतेक वेळा त्या चिखलातच फिरत असायच्या.