रोमवाल्या भोईरांच्या घरी

शनिवारी निमकर मॅडमचा फोन आला. "कल्याणला येतोस? एक चूक दुरुस्त करायचीय." मॅडम डोंबिवलीच्या, वय शहात्तर, आयुष्यभर प्राचीन रोमचा इतिहास शिकवला. मी त्यांचा विद्यार्थी, काठावर पास. चूक दुसऱ्याची असेल तर मी कुठेही जातो.

ठाण्यात खोपटहून सकाळची एसटी पकडा. खिडकी मिळते, खड्डे मोफत. कल्याण डेपोसमोर मिसळ खाऊन घ्या, पुढे खाडीकडे नुसता चहा आहे. मॅडम डेपोत उभ्या होत्या, हातात अर्धा किलो पेढे.

"वाईट बातमीला पेढे?"

"मग रिकाम्या हातानं जायचं का रे?"

रिक्षावाल्याला नुसतं भोईर सांगितलं. "कंचे? रोमवाले?"

तीस वर्षांपूर्वी घराचा पाया खणताना बाळाराम भोईरांना घड्याची तुटकी मान सापडली. मॅडमनी बघून सांगितलं, रोमन, दारूचा घडा. त्यावर त्यांच्या पुस्तकाचं मुख्य प्रकरण उभं राहिलं, आणि भोईरांची इभ्रतही. घड्याला काचेचं कपाट, आत मॅडमच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. थोरल्याच्या लग्नाच्या बायोडेटातसुद्धा घडा होता म्हणे.

मॅडम पाणीही न घेता म्हणाल्या, "बाळाराम, माझं चुकलं. आतला काळा लेप मी राळेचा समजले. तुम्ही दिलेला तुकडा आता तपासून घेतला, तर डांबर निघालं. रोमचे घडे आतून राळेनं लिंपत, डांबरानं इराककडचे. घडा रोमचा नाही, इराककडचा."



"म्हंजे परदेशीच ना?" भोईरकाकूंनी विचारलं.

"परदेशीच."

"मंग काय!"

बाळाराम मात्र मॅडमकडे बघत होते. "आनि तुमचं पुस्तक?"

"नवी आवृत्ती येतेय. ते प्रकरण काढावं लागेल."

"नका सांगू कोनाला, बाय. आमी बी नाय सांगनार."

मॅडम थांबल्या. खरंच थांबल्या, मला वाटलं, आता पेढे खाऊन निघू. मग त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, 'रोमन'वर एक सरळ रेघ मारली, वर 'इराककडील' लिहिलं, खाली सही आणि तारीख. जुना शब्द अजून वाचता येत होता.

"राहू दे. मी काय म्हटलं होतं तेही कळायला हवं."

परतताना दुर्गाडी किल्ल्यापाशी मॅडम खाडीकडे बघत म्हणाल्या, "रोमहून कल्याणला आलेलं माझ्याकडे एवढंच होतं रे." तुम्ही जाल तेव्हा तिथे पाच मिनिटं थांबा, वारा चांगला असतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"स्वतःची चूक कबूल करणारं माणूस बघायला कल्याण गाठावं लागलं," ती म्हणाली. "साहजिकच आहे. या घरात वीस वर्षांत ती सोय झालेली नाही."