नव्या प्रशिक्षकाची पलटण

क्लबातले मालिशवाले काका जुन्या प्रशिक्षकाला अगदी विटले होते. संघ हरला की तो खापर काकांच्या हातांवर फोडायचा. त्याला काढलं, त्या दिवशी काका शीळ घालत घरी आले.

"अहो, नवा स्वतःची माणसं घेऊन आला तर?" काकू म्हणाल्या.

"अगं, मालिशवाल्याला कोण बरोबर घेऊन फिरतं?"

नवा आला तो अख्खी पलटण घेऊनच. त्यातल्या एका तरुणाने काकांच्या टेबलावर आपली चादर अंथरली आणि अदबीने सांगितलं, "काका, तुमचं सामान बाहेर ठेवलंय."

पहिला सामना काकांनी घरीच टीव्हीवर पाहिला. संघ हरतच होता. पोटरीत गोळा येऊन एक खेळाडू कोसळला, तसे काका ताडकन उठले.

"बसा हो," काकू हळूच म्हणाल्या.