मोहरीचं आकाश

मोहने गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो. फोडणीत मोहरी तडतडली की तेच आठवतात. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती. क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांचे तेजस्वी गाभे, एकेकटे नसून घोळक्याने असतात, हे त्यांना कळावं म्हणून मी पुठ्ठ्यावर प्रत्येक क्वेसारसाठी मोहरीचा एक दाणा चिकटवून नेला. सर बोटं फिरवत राहिले. "घोळका कुठाय रे?" मी त्यांचा हात दाटीवर ठेवला. ते हसले. "अरे, बोटंही बधिर झालीत. सगळं सपाटच लागतंय." आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, हे मलाही नाही सांगितलंत!" ठाण्याला परतून मी पत्र टाकलं, त्यांच्या पत्नी वाचून दाखवतील म्हणून: "सर, स्वतः पडताळल्याशिवाय काही मानू नका, हे तुम्हीच शिकवलंत. पण घोळका आहे, एवढं एक मात्र माझ्या शब्दावर माना."