पडायचा तास

मी गावातल्या बायकांना दिवसाढवळ्या झोपवते, ही तक्रार माझ्या आधी माझ्या घरी पोचली. सासूबाई ती किराणा दुकानातून घेऊन आल्या, साबुदाण्याच्या पुडीबरोबर.

"गावात बोलत्यात," पिशवी ओट्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "तुझ्या योगाच्या वर्गात योग न्हाईच. नुसत्या बाया आडव्या पडलेल्या असत्यात म्हणं."

"काहीतरीच," मी म्हणाले. पण ते काहीतरीच नव्हतं. अगदी खरं होतं.

माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या एका ऑफिसात कारकून होते, त्यामुळे आमच्या घरात जेवणसुद्धा ठरल्या मिनिटाला वाढलं जायचं. लग्न होऊन तिसगावला आले. नवऱ्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी आठवड्यातून दोनदा एसटीने नगरला जाऊन योगशिक्षिकेचा वर्षभराचा कोर्स केला. सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावलं, कीटकनाशकाच्या कॅलेंडरशेजारी. बोर्डही रंगवून घेतला. मी पेंटरला "ताणमुक्त जीवन" असं कागदावर लिहून दिलं होतं. त्याने "तानमुक्त" रंगवलं. गावात कुणालाच खटकलं नाही, कारण गाव तसंच बोलतं. दुरुस्त करून घ्यायला मला अजून वेळ मिळालेला नाही.

ताणमुक्त जीवन शिकवणाऱ्या बाईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. सहाला पुण्याच्या दहा-बाराजणींचा ऑनलाइन वर्ग. त्या सगळ्या नोकरी करणाऱ्या. घर आणि काम यांचा तोल कसा सांभाळायचा, हे त्या माझ्याकडून शिकतात. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि मागे धुतलेली चादर टांगायची, म्हणजे मागचा ओटा दिसत नाही. आवाजाचं मात्र काही करता येत नाही. कुकर लागलेला असतो. पहिली शिट्टी झाली की मी शांत स्वरात म्हणते, "बाहेरून कुठलाही आवाज येऊ दे, त्याच्याकडे फक्त साक्षीभावाने बघा." दोन शिट्ट्यांपर्यंत मलाही ते जमतं. चौथ्या शिट्टीला मी त्यांना डोळे मिटायला लावते आणि धावत जाऊन गॅस बंद करते.

सात वाजता त्यांना नमस्कार करून फोन ठेवला की लगेच मुलीच्या खोलीत. तिची पाथर्डीची स्कूल बस सव्वासातला कोपऱ्यावर येते. "ऊठ, ऊठ, किती वेळा सांगायचं!" हे मी कुठल्या स्वरात म्हणते ते पुण्याच्या बायकांना कळू नये, एवढीच माझी इच्छा असते. मुलगी दहा वर्षांची आहे. वेणी घालताना एकदा आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "तू त्या बायांना झोपवतेस आणि मला झोपेतून उठवतेस." मी रबर जरा जास्तच घट्ट बांधलं.

गावातला वर्ग ग्रामपंचायतीच्या सभागृहात, दुपारी दोन ते तीन. ही वेळ ठरवायलाच आम्हाला महिना लागला. सकाळी बायकांना पाणी, धारा, डबे. नंतर शेत. संध्याकाळी स्वयंपाक. दुपारच्या त्या तासावर मात्र कुणाचा हक्क नव्हता. निदान आम्हाला तसं वाटलं.

पहिले पंधरा दिवस सगळं कोर्समध्ये शिकवल्यासारखं चाललं. दोनला प्रार्थना, मग ताडासन, मग पुढे वाकायची आसनं आणि शेवटची दहा मिनिटं शवासन. मग बायका उशिरा यायला लागल्या. कुणी सव्वादोनला, कुणी अडीचला. तिसऱ्या आठवड्यात पावणेतीनपर्यंत मी एकटीच ताडासनात उभी होते आणि बरोबर पावणेतीनला वीसजणी आत आल्या, चपला काढल्या, चटया पसरल्या आणि पडल्या.

मला राग आला. भिंगारचं घड्याळ अंगात होतंच. मी म्हणाले, "हे असं चालणार नाही. शवासन शेवटी असतं. आधी शरीराला काम द्यावं लागतं."

कुणी उठलं नाही. कांद्याच्या खुरपणीला जाणाऱ्या एक मावशी पडल्या पडल्याच बोलल्या. वय साठीच्या पुढचं, वर्गात सगळ्यात थोरल्या.

"शरीराला काम सकाळधरनं देतोय की, बाई. खुरपं घिऊन वाकतो, हंडा घिऊन वाकतो, शेण काढताना वाकतो. वाकायचं तुमी नका शिकवू आमाला. ते शेवटचं जे हाय ना, पडायचं, तेवढं शिकवा."

"मावशी, पडायला शिकवावं लागतं का? घरी पडा की."

"घरी?" त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "घरी पडलं की इचारत्यात, काय दुखतंय का. न्हाई म्हणलं की म्हणत्यात, मग ऊठ."

पलीकडच्या चटईवर शिवणकाम करणाऱ्या भाभी होत्या. बाजारपेठेतल्या निम्म्या ब्लाउजांचं माप त्यांच्या डोक्यात. सणासुदीच्या आधी त्या दिवसभर मशिनीवर असतात. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, मी तर घरी सांगून येते, व्यायामाला चालले. झोपायला चालले म्हटलं असतं, तर कुणी दार उघडून दिलं असतं का?"

 चटईवर बसून त्यांना पायाच्या अंगठ्यापासून सैल सोडायला लावलं. गुडघ्यांपर्यंत आले तेव्हा निम्म्याजणी झोपल्या होत्या.

त्यानंतर आसनं जवळजवळ गेलीच. दहा मिनिटं खांदे आणि मान, बाकी तास पडायचं. वर्गातल्या एकीने आपल्या जावेला हे सांगितलं, जावेने नवऱ्याला, नवऱ्याने किराणा दुकानात. तिथून ते साबुदाण्याबरोबर आमच्या ओट्यावर आलं.

मी दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात "योगनिद्रा" असं लिहिलं. बाकी काहीही बदललं नाही. आठ दिवसांत तक्रार बंद झाली. सासूबाई स्वतः शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "झोप न्हाई ती, निद्रा हाय. अवघड असती."

पुढे सरपंचबाईंनी मला बोलावलं. तालुक्याहून मोठे साहेब गावाची पाहणी करायला येणार होते. शाळा, गटारं, पाण्याची टाकी, आणि शेवटी महिलांचा उपक्रम.

"तुमचा वर्ग दाखवायचा," सरपंचबाई म्हणाल्या. "बारा सूर्यनमस्कार बसवा. सगळ्यांना एकसारख्या साड्या. जमंल ना?"

"जमेल," मी म्हणाले. नाही म्हणायचं कसं, हे मी पुण्याच्या बायकांना दर मंगळवारी शिकवते.

बायकांनीही हो म्हटलं. सरावाला मात्र रोज नवीन कारण. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची तूर काढायला आलेली. जेमतेम चार नमस्कार बसले, तेही प्रत्येकीचे वेगळ्या दिशेला. भाभी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तुम्ही नमस्कार करा, मी माझ्या जागी हात वर करते. पुढे वाकलं की कंबर धरते." मी म्हटलं चालेल. त्यांचेच हात सगळ्यात सरळ जायचे.

साहेब यायच्या दिवशी मी चारलाच उठले. मुलीच्या शाळेत त्या दिवशी धान्यांची ओळख होती. तिला पाच प्रकारची धान्यं पाच पुड्यांत हवी होती आणि हे तिला आदल्या दिवशी झोपताना आठवलं होतं. पुड्या बांधल्या, ऑनलाइन वर्ग घेतला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या काढून ठेवल्या, तीस माणसांच्या पोह्यांना हातभार लावला. साहेब अकराला येणार होते. बायका शेताला दांडी मारून साडेदहालाच हजर, सगळ्या हिरव्या साड्यांत.

अकरा वाजले. बारा वाजले. साहेब शेजारच्या गावात अडकलेत, असा फोन आला. एक वाजला. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. माझ्या हातात नमस्कारांच्या क्रमाचा कागद, तो घामाने मऊ झालेला.

दोन वाजता मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आपली येळ झाली," त्या म्हणाल्या आणि चटईवर आडव्या झाल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्याही.

"अहो, साहेब कुठल्याही क्षणी..."

"आल्यावर उठू की. तुमी बोला तुमचं."

मी बोलायला लागले. पायाचा अंगठा, घोटा, पिंढरी. माझा आवाज मलाच छान वाटत होता. नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून मीही सगळ्यांपुढे माझ्या चटईवर पडले. कंबरेपर्यंत आल्याचं मला आठवतं.

पुढचं आठवतं ते मोबाईलच्या कॅमेऱ्यांचे आवाज. डोळे उघडले तर दारात साहेब, सरपंचबाई, ग्रामसेवक आणि त्यांच्या मागे पंधरा-वीस माणसं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या ओठाच्या कडेला ओलं लागत होतं. मागे कुणीतरी संथ लयीत घोरत होतं.

मी धडपडून उठू लागले. सरपंचबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या निवडणूक जिंकून आलेल्या बाई. "साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही योगनिद्रा. नमस्कार वगैरे आमच्या महिलांचं मागेच झालं. ही पुढची पायरी."

साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं. "चालू द्या, चालू द्या," ते कुजबुजले. बूट काढून ते आत आले, भिंतीकडच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. सकाळपासूनचं त्यांचं हे चौथं गाव होतं. पाच-सात मिनिटांनी त्यांची मान छातीवर आली. बाहेर जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा साहेब आणि मावशी एकदमच दचकून उठले.

जाताना त्यांनी भाषण केलं. म्हणाले, हा उपक्रम इतर गावांनी घ्यावा. गटारं बघायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, "अवघड योगासने करताना महिला." फोटोत सगळ्यात पुढे मी, तोंड उघडं. तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. कौतुक झालं, पण घराघरातल्या पुरुषांनी आपापल्या बायकाही त्यात शोधल्या. तिघींचं येणं बंद झालं. त्यांतल्या एकीचा नवरा मला बाजारात भेटला. नम्रपणे म्हणाला, "मॅडम, झोपायचंच हाय तर घर हाय की आमचं." उरलेल्या पुरुषांनी स्वतःसाठी पहाटेचा वर्ग मागितला. आले, जोरजोरात श्वास घेत पंचवीस नमस्कार घातले आणि दहा दिवसांत एकेक करून बंद झाले. त्यांना मी शवासनापर्यंत आणलंच नाही. त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

फोटो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही गेला. मुलगी बसमधून उतरून घरात आली ती दप्तर फेकतच. "सगळ्यांसमोर तोंड उघडं ठेवून झोपलीस! मुलं बसमध्ये तशी तोंडं करून दाखवत होती." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी समजूत घालायला गेले की कानांवर हात. माझ्याकडे रागावर सात उपाय आहेत, छापील. एकही चालला नाही.

शनिवारी तिची अर्धी शाळा. सासूबाई एका बारशाला गेलेल्या, म्हणून तिला वर्गावर घेऊन गेले. ती पाठ फिरवून कोपऱ्यात बसली. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. सभागृह शांत झालं. थोड्या वेळाने मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"खरंच झोपल्यात?" ती भिंतीशीच कुजबुजली.

"ऐक." मावशींचं घोरणं सुरू झालं होतं. तिने ओठ दाबून धरले, तरी खांदे हलले.

"त्या झोपतात तेव्हा तू काय करतेस?"

"उद्याची भाजी ठरवते. मेसेजना उत्तरं देते. तुझ्या शाळेच्या ग्रुपवर काय आलंय ते बघते."

"म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच झोपलीस?"

"हो."

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग तिने दप्तर उघडलं, स्वेटर काढून त्याची घडी केली आणि जमिनीवर ठेवली. "पाच मिनिटं," ती म्हणाली, तिला सकाळी उठवताना मी जशी म्हणते तशीच, दरडावून. "मी घड्याळ बघते."

मी आडवी झाले. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. शाळेच्या ग्रुपवर मेसेज होता: सोमवारी प्रत्येक मुलीने पालेभाजीचा वेश करून यावे. तिने फोन माझ्या हातातून घेतला, वाचला आणि पालथा घालून दप्तरात टाकला.

"मेथी होईन मी," ती म्हणाली. "डोळे मीट."