डॉक्टर मावशींचा साचा

डॉक्टर मावशी भेटल्या की आधी दातांकडे बघायच्या, मग चेहऱ्याकडे. मी त्यांची वरची खोली भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा दारातच म्हणाल्या, "रात्री दात खातोस. कसली काळजी आहे?" मी पुण्याहून एच-वन व्हिसावर आलेलो, कंपनीत लोकांना काढायला सुरुवात झालेली. काळजी होतीच. त्यांनी खोली दिली आणि एकच अट घातली. गॅरेजचं दार वर असेल आणि पंखा चालू असेल, तर आत यायचं नाही, बाहेरून हाक मारायची.

हे ओहायोतलं डब्लिन. मावशी मूळच्या नागपूरच्या. तीस वर्षं इथं दातांची डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा निखिल गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. शनिवारी बाकीच्या काकू देवळात किंवा मॉलमध्ये जात, तेव्हा मावशी लांबट पेटी गाडीत ठेवून रायफल क्लबात जात. आपल्या लोकांत हा विषय कोणी काढत नसे. काढला तरी आवाज खाली यायचा.

रायफल त्यांना एका जुन्या पेशंटनं, मक्याची शेती करणाऱ्या म्हाताऱ्यानं, मरताना ठेवली होती. सोबत शिशाच्या गोळ्या ओतायचा लोखंडी साचाही. साच्याला दोन खाचे, म्हणजे एका ओतकामात दोन गोळ्या. पण इतक्या वर्षांत रायफलीची नळी आतून झिजली होती, साचा होता तसाच राहिला होता. गोळी नळीत सैल बसायची आणि सुटली की भरकटायची. "दातावर माप चुकलेला क्राउन, म्हणजे टोपी, बसवल्यासारखं आहे," मावशी म्हणायच्या. "पेशंटला चावता येतं, पण कुठं चावतोय ते त्याला कळत नाही." शंभर यार्डांवर त्यांच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरत. तसा साचा आता कोणी बनवत नव्हतं. म्हणून असलेला साचाच आतून केसभर मोठा करायचं त्यांनी ठरवलं. एप्रिलमध्ये क्लबाची मॅच होती.

जानेवारीतल्या एका दुपारी मी ऑफिसातून लवकर घरी आलो, तर ड्राइव्हवेवर पोलिसांची गाडी. सप्टेंबरच्या हल्ल्यात टॉवर पडून चारच महिने झाले होते. आमच्यासारख्या रंगाची माणसं तेव्हा दुकानातसुद्धा हात खिशातून बाहेर काढून उभी राहायची. कोणीतरी फोन केला होता, की ती परदेशी बाई गॅरेजमध्ये गोळ्या बनवते. गॅरेजचं दार वर होतं, पंखा चालू होता, आणि विजेच्या भांड्यात शिसं वितळलेलं होतं. मावशी तोंडावर मास्क लावून, हातात पळी धरून उभ्या होत्या. तरुण पोलीस थेट आत शिरला. त्याच्या जाकिटावर बर्फ होतं, ते वितळून बाह्यांवरून थेंब गळत होते.

"थांबा," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तिथंच थांबा, प्लीज. तुमच्या बाहीला पाणी आहे. एक थेंब या भांड्यात पडला, तर हे सगळं तुमच्या आणि माझ्या तोंडावर उडेल."

त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला होता. मी बाहेर बर्फात उभा. मावशींची पळी हवेत तशीच राहिली. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही, बाहीकडेच बघत राहिल्या. मग तो एक पाऊल मागे गेला. आणखी एक. मावशींनी पळी कोरड्या फळीवर ठेवली, भांड्याचं बटण बंद केलं, मास्क काढला आणि म्हणाल्या, "आता विचारा."

यात बेकायदा काही नव्हतं. त्यानं चार प्रश्न विचारले आणि गेला. मावशी स्वयंपाकघरात आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी चहा केला. कप त्यांना उचलता येईना, म्हणून बराच वेळ तसाच राहिला.

खरी लढाई त्या संध्याकाळी सुरू झाली. बातमी कळून निखिल आला तो कोटही न काढता बोलू लागला. "आई, त्या पोलिसानं गोळी झाडली असती तर? आणि ते शिसं! रिया इथं येते, जमिनीवर खेळते, सगळं तोंडात घालते. हे बंद होईपर्यंत मी तिला आणणार नाही."

"मॅचपर्यंत थांब," मावशी म्हणाल्या.

"नाही."

तो गेला. रिया, त्यांची नात, दर रविवारी यायची, ती यायची थांबली. दुसऱ्या दिवशी मावशी साचा घेऊन बसल्या. आधी त्यातच एक गोळी ओतायची, तिच्यात स्क्रू रोवायचा, गोळीला बारीक घासायची पेस्ट लावायची, परत साच्यात मिटायची आणि स्क्रू धरून हातानं हळूहळू फिरवायची. थोडं फिरवलं की पुसायचं, नवी गोळी ओतून मोजायची. घासलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून घाई चालत नाही. पण रविवारी निखिलचा फोन आला. रियाला ताप होता, आणि तिला बघायला येऊ का म्हटल्यावर तो "नको" म्हणाला. मावशी फोन ठेवून गॅरेजमध्ये गेल्या आणि तशाच घासत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "एक खाचा गेला. जास्त मोठा झाला. रागात पेशंटच्या तोंडात मी कधी हात घातला नव्हता."

दुसऱ्या खाच्याला मार्च उजाडला. या वेळी डोकं शांत असेल तेव्हाच त्या हात लावत. कधी कधी साचा नुसता समोर ठेवून बसत, आणि मग न उघडताच उठून जात. माप जमलं त्या दिवशी त्यांनी मला बाहेरून हाक मारायला लावली नाही. स्वतःच गोळी घेऊन आल्या आणि माझ्या तळहातावर ठेवली. "नीट बसेल," एवढंच म्हणाल्या.

मॅचला मी त्यांना ड्राइव्ह करून नेलं. वारा वाईट होता. मावशी झोपून नेम धरत होत्या, आणि आजूबाजूचे सगळे झाडून मोकळे झाले तरी त्यांची शेवटची गोळी राहिलेली. वेळ संपत आली होती. मागचा एक जण घड्याळाकडे बघून कुजबुजला. वारा दाखवणाऱ्या समोरच्या झेंड्याचं फडकं खाली येईपर्यंत त्या थांबल्या, आणि मग झाडली. निशाणाचा कागद आणला, तेव्हा सगळी भोकं एका वाटीखाली झाकली असती. त्या दुसऱ्या आल्या.

सोमवारी त्यांनी स्वतःहून रक्त तपासून घेतलं. शिसं वाढलेलं निघालं. "निखिलचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. माणसं बोलावून गॅरेज धुवून घेतलं, भांडं देऊन टाकलं, गोळ्या ओतणं कायमचं बंद केलं. मग मुलाला फोन केला.

निखिल रियाला घेऊन आला. रिकाम्या गॅरेजच्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल, पण तसं दिसलं नाही. तो आत आला आणि आईसमोर बसला. "कसं झालं मॅचला?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग सांगू लागल्या. वाऱ्याचं सांगितलं, खाच्याचं सांगितलं, आणि तिथून नागपूरला पोचल्या. कॉलेजात एनसीसीत त्या नेमबाजीत पहिल्या होत्या. दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. सासरची माणसं बघायला यायची होती त्याच आठवड्यात, म्हणून वडिलांनी जाऊ दिलं नाही. हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. रिया त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती.

"हे कधी बोलली नाहीस," निखिल म्हणाला.

"तू बंद कर म्हणालास. का करतेस, ते नाही विचारलंस."

पुढं मला दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला, नोकरी लागली आणि मी ओहायो सोडलं. मावशी विकतच्या गोळ्या आणून दुसऱ्या रायफलीनं झाडत राहिल्या. शनिवारी क्लबात जाताना गाडी आता निखिल चालवायचा. आधी तो बाहेर गाडीत बसून लॅपटॉप उघडायचा, मग आत येऊन बसायला लागला, मग दुर्बिणीतून बघून आईला तिची गोळी कुठं लागली ते सांगायला लागला. हे सगळं मावशी फोनवर सांगायच्या, आणि माझे दात कसे आहेत तेही विचारायच्या.

२००८च्या हिवाळ्यात त्या गेल्या. निखिलनं फोन केला. कधी, कसं, सगळं त्यानं नीट सांगितलं.

"शनिवारी सकाळी मी गाडी काढून बसलो होतो," तो म्हणाला. "कुठं जायचं तेच कळेना."