घरचीच समजा

वाढवून वाढवून घेतलेली माझी बाळंतपणाची रजा त्या रविवारी संपत होती. सोमवारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हजर झाले नाही, तर नोकरी गेलीच म्हणून समजा. आणि आमची दहा महिन्यांची पोरगी कुणी सांभाळायची, हे काही ठरत नव्हतं.

नवऱ्याला ओ-पेअर हवी होती. त्याच्या ऑफिसातल्या कुणा गोऱ्या साहेबाने हे खूळ डोक्यात भरवलेलं. परदेशातली शिकणारी मुलगी येते, आपल्यात राहते, बाळाला खेळवते. "नोकर नाही हं, अगदी घरचीच होते!"

"आणि व्हिसा?" मी विचारलं.

"होईल गं, इन्शाल्ला."

इतकी वर्षं आखातात, अल ऐनमध्ये काढून या माणसाने एवढंच उचललंय. कुठलंही काम अंगावरून झटकायचं असलं की इन्शाल्ला! मला आपली नॅनी हवी होती. चार पोरं हाताखालून गेलेली, ताप चढला तर न गडबडणारी. "तुझ्या त्या ओ-पेअरला सकाळी डबाही मीच भरून देऊ का?" म्हटलं, तर स्वारी फुगून बसली.

शनिवारी ओळखीतून एक नेपाळी बाई भेटायला आल्या. चाळिशीच्या, हसतमुख. अनोळखी माणूस दिसलं की भोकाड पसरणारी आमची पोरगी सरळ त्यांच्या कडेवर जाऊन बसली. म्हटलं, यल्ला, चला, जमलं एकदाचं!

पण नवऱ्याच्या डोक्यातली ओ-पेअर कुठली जायला? तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, "दीदी, आप तो घर की ही हैं. बिलकुल फॅमिली!"

बाईंचा चेहराच उतरला. त्यांनी पोरगी माझ्या हातात परत दिली. "नहीं सर. पहले वाले घर में भी फॅमिली बोला था. फॅमिली को छुट्टी नहीं मिलती."

हातातोंडाशी आलेला सोमवार चालला!

"फॅमिली नहीं, दीदी, फॅमिली बिलकुल नहीं!" मी जवळजवळ ओरडलेच. "आप नॅनी हैं. शाम को मैं आई कि आपका काम खलास. संडे पूरी छुट्टी."

बाई खुदकन हसल्या आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केले. सोमवारी मी कामावर गेले, ते लिफ्टमध्ये गुणगुणतच.

पुढच्या रविवारी बाई छान तयार होऊन मैत्रिणीकडे गेल्या. मी कुकर लावत होते, पोरगी पायाला लोंबकळत होती आणि सोफ्यावरून आवाज आला, "चहा टाकतेस का गं?"

मी गॅस बंद केला. मला एकदम रडूच आलं, आणि रडता रडता हसूही. दहा महिन्यांत मला एकही सुट्टी मिळाली नव्हती.

"फॅमिली को छुट्टी नहीं मिलती, सर," मी म्हटलं.

तो दचकून उठला. त्याने पोरीला उचललं, चहाचं पातेलं शोधलं आणि चाचरत विचारलं, "मॅडम, आपको शनिवार चलेगा?"

तेव्हापासून शनिवारी मी या घरची नसते.